उडी मारणारा, वर येणारा

त्या उन्हाळ्यात अकोल्याच्या भाजीबाजारात वांग्या-भेंड्यांपेक्षा सिनेमालाच जास्त भाव होता. मोर्णेच्या काठी तंबू लागला होता. दर शुक्रवारी नवा खेळ यायचा. ताशेवाले पुढे, रंगवलेला फलक बैलगाडीवर मागे, अशी त्याची गावातून मिरवणूक निघायची, आणि शनिवारी सकाळी ज्यानं पाहिला तो न पाहिलेल्यांना सांगत सुटायचा.

"'सात ताले'त खुनी मुनीमच व्हता," मैनाबाई भेंड्यांवर पाणी शिंपडत म्हणाली. तिचं दुकान कौशल्येच्या फुलांच्या पाटीला लागून होतं. "मले पयल्या रिळातच समजलं. दिवसाढवळ्या हातात कंदील घेऊन फिरते तो. भला मानूस कायले फिरन?"

"तळघरात जायाचं व्हतं ना त्याले," समोरचा बांगड्यावाला म्हणाला.

"तळघर घरात. मंग हा कंदील घेऊन बजारात काऊन गेलता? तुमाले नाई दिसत ते. तुमी नुसते नाचनारीले पाहता."

सगळे हसले. बांगड्यावाल्यानं विषय बदलला. त्याच्या मते त्याआधीचा 'तेरा नंबर डब्बा' अगदीच पडेल होता. अर्धा खेळ नुसत्या गोष्टी, पहिला गुद्दा मध्यंतरानंतर. "आमी काय कीर्तन ऐकाले गेलतो? मारामारीचा खेळ म्हंजे पडदा उठल्याबरोबर एखादा तरी मानूस खिडकीतून बाहेर पडाले पायजे."

कौशल्या गजरा ओवत होती. मांडीवर शालू. तिला दात येत होते आणि हाताला लागेल ती मोगऱ्याची कळी ती तोंडात घालायची. एका हातानं तिच्या मुठीतून कळी सोडवायची, दुसऱ्या हातानं दोऱ्यात सरकवायची, असं कौशल्येचं चाललं होतं. बाकीच्यांचं बोलणं ओसरेपर्यंत ती थांबली.

"अन् 'मौत की कमान' कोनी पाह्यला काय? अमरावतीले लागला म्हनते."

"मी पाह्यला ना!" बांगड्यावाला म्हणाला. "मंगळवारीच. त्याच्यापुढे बाकीचे सारे फिके."

"पुलावरून उडी मारते तो..." कौशल्येचा हात थांबला. "तो वर येते काय?"

"येते काय म्हंजे? हिरो हाये तो, बाई! तो खालीच रायला त पुढचे रीळ कोन करन, त्याची माय?"

पुन्हा हशा. कौशल्या हसणं थांबायची वाट बघत बसली.

"तसं नाई. उडी मारल्यावर पान्यातून डोकं वर निंगते ना, ते तुमी सोता पाह्यलं काय?"

बांगड्यावाल्यानं कपाळाला आठ्या घातल्या. आठवून पाहिलं. "डाकू बंदुका झाडत व्हते. वरून गाडी आली. सारा पूल थरथरला. अशा येळी पान्याकडे कोन पाहाते, बाई?"

कोणीच पाहत नव्हतं. अमरावतीहून येणाऱ्या प्रत्येकाला तिनं हेच विचारलं होतं. कोणी घोड्याबद्दल बोलायचा, कोणी हिरोईनीच्या पिस्तुलाबद्दल. पडणाऱ्या माणसाकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

पडणारा माणूस तिचा नवरा होता.

गोवर्धन. अकोल्याच्या आसपासच्या मळ्यांत कोणाचा पाण्याचा गुंड, कोणाची बादली, एकदा तर कोणाची चांदीची समई विहिरीत पडली की हाक गोवर्धनालाच यायची. धोतर खोचायचं, काठावर उभं राहायचं आणि जायचं. विशीत असताना अशाच एका खोल विहिरीत त्याच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. तेव्हापासून कानात पाणी गेलं की तो वेदनेनं कळवळायचा. म्हणून उडी मारताना त्याचा डावा तळवा कानावर गच्च दाबलेला असायचा, आणि वर आला की डोळेही न पुसता तो आधी मान डावीकडे टाकून कानशिलावर थापा मारायचा. लग्न झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात काठावर बसून कौशल्येनं ते कितीदा पाहिलं होतं. थापा पडू लागल्या की तिचा जीव जागेवर यायचा.

दोन उन्हाळ्यांपूर्वी याच तंबूत एक खेळ लागला होता. त्यात एकानं किल्ल्यावरून खंदकात उडी टाकली आणि माणसं शिट्ट्यांनी वेडी झाली. गोवर्धन मात्र घरी येताना म्हणाला होता, "याच्याहून खोल त आपली विहीर हाये." पुढे आठवडाभर तो तेच म्हणत राहिला. मग संत्र्यांचा मोसम लागल्यावर शेंदूरजनाघाटच्या नत्थुजींच्या संत्र्यांबरोबर मालगाडीनं मुंबईला गेला, आणि परत आलेल्या नत्थुजींनी सांगितलं की पोरगा सिनेमावाल्यांकडे लागला. हिरोचे कपडे घालून हिरोच्या जागी उड्या मारतो. शालूच्या बारशाला तो आला होता. चार दिवस लेकीला छातीवर घेऊन झोपला आणि गेला.

घरात लिहिता-वाचता येणारं कोणी नव्हतं. त्याची खुशाली यायची ती संत्र्यांच्या वाटेनं. संत्र्याचा मोसम सुरू असला की नत्थुजी मुंबईला जायचे आणि येताना अकोला स्टेशनवर उतरून निरोप देऊन जायचे. मोसम संपला की निरोपही संपायचा. शेवटचा निरोप शिवरात्रीच्या सुमारास आला होता. "आता एका पुलावरून मोठी उडी हाये म्हने. 'मौत की कमान' नाव हाये खेळाचं. उन्हाळ्यात पाहा म्हने, अन् आखाजीले मी घरी येतो."

आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा, सण झाला. गोवर्धन आला नाही. त्याच्याआधी त्याचा सिनेमा आला, तोही अमरावतीला.

त्या दुपारी नणंद बेबीताई अमरावतीहून आली. ओसरीत पिशवी टाकते न टाकते तोच तिनं आईच्या गळ्यात हात घातले.

"माय, गोवर्धनाले पाह्यलं मी! काय उडी मारली वो भावानं! धपकन् पान्यात. अन् मंग अस्सा वर आला, दातात सुरी धरून. थेटरातल्या लोकाइनं पैशे फेकले पडद्यावर!"

सत्यभामाबाई, कौशल्येची सासू, जागेवरच बसल्या. मग उठून देवापुढे साखर ठेवली आणि सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट दिली. सासरे शेषराव एरवी फारसं बोलत नसत. तेही "वर आला ना? मंग झालं" म्हणून दोनदा हसले.

"ताई," कौशल्येनं विचारलं, "वर आला त्याचं तोंड दिसलं काय तुमाले?"

"तोंड कसं दिसन? पाठमोरा येते तो. मंग वळते तवा हिरोचं तोंड दिसते. पाठ आपल्या पोराची, तोंड त्या नटाचं. तसंच करतेत ते लोक." बेबीताईनं भावजयीकडे पाहिलं. "तू काऊन अशी करून रायली? नवरा जित्ता हाये हे ऐकून तोंड गोड कर ना!"

कौशल्येनं साखर खाल्ली.

शुक्रवारी 'मौत की कमान' अकोल्याला आला. सगळं घर पहिल्या खेळाला गेलं. पुरुष समोर, बायका कनातीच्या पलीकडे. मैनाबाईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे पूल दिसताच बायका कौशल्येकडे बघून कुजबुजू लागल्या. शालू पदराखाली पीत होती.

डाकू आले. बंदुका झडल्या. लोखंडी पुलाच्या कमानीवर पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस धावत आला आणि काठावर उभा राहिला, अगदी एवढासा. त्याचा डावा हात वर गेला, तळवा कानावर बसला, आणि तो सुटला.

तोच होता. देवा, तोच होता. बारशानंतर पहिल्यांदाच तिनं त्याला पाहिलं, आणि पाहिलं ते पडताना.

पाणी उसळलं. मग पाठमोरा एक माणूस पाण्यातून उभा राहिला. त्यानं दोन्ही हातांनी केस मागे सारले, झोकात, आरशापुढे सारावेत तसे. मान डावीकडे गेली नाही. कानशिलावर थाप पडली नाही. तंबू शिट्ट्यांनी भरला. कनातीच्या पलीकडून शेषरावांचा आवाज आला, आयुष्यात पहिल्यांदा एवढा मोठा. "माहा पोरगा! माहा पोरगा हाये तो!"

बायकांनी कौशल्येच्या पाठीवर थोपटलं. शालू दचकून रडू लागली. कौशल्या पडद्याकडे बघतच राहिली. हिरो हिरोईनीला घोड्यावर घेऊन निघाला होता. तो उडी मारणारा अजून पाण्यातच होता, आणि हे तिच्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं.

दर शुक्रवारी तंबूतल्या यंत्राला हार घालायची रीत होती आणि तो हार कौशल्येच्या पाटीवरूनच जायचा. शनिवारी दुपारी, बाजार उन्हानं मोकळा झाल्यावर, ती कोणी न सांगताच एक हार घेऊन तंबूत गेली. कडेवर शालू. यंत्रवाला शालिकराम, दर्यापूरचा, नुसत्या गंजीफ्राकात बसून रात्रीच्या खेळाची रिळं उलटी गुंडाळत होता.

"आज कोन्ता वार हाये, बाई? हार त काल झाला."

"भाऊ, ते पानी जरा जास्त येळ दाखवता येते काय?"

"कोन्तं पानी?"

"पुलाखालचं. तो पडते त्याच्यानंतरचं."

शालिकराम आधी हसला. मग तिच्याकडे नीट पाहिलं आणि हसणं आवरलं. गावात सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही होतं. त्यानं एक रीळ काढलं, पट्टी ओढत ओढत पुढे नेली आणि तंबूच्या फटीतून येणाऱ्या उन्हासमोर धरली.

नखाएवढी चित्रं, एकाखाली एक. पुलावरचा माणूस. कानावर हात. पाणी. उसळलेलं पाणी. आणखी पाणी. मग पट्टीला एक आडवा जोड, आणि जोडाखाली लगेच एक पाठ.

"इथं कापून जोडलं हाये," शालिकराम म्हणाला. "कंपनीतूनच असं येते."

कौशल्येनं जोडावर बोट ठेवलं. तिच्या बोटाखाली तो पूर्ण झाकला गेला. "याच्या मधात काय झालं?"

"ते मले काय ठाऊक, बाई? याच्या मधात एक दिवस गेला असंन, नाई त महिना. हे पानीही एक नसंन. वरचं नदीचं, खालचं हौदाचं. मानूसही..." तो थांबला.

"मानूसही दुसरा," कौशल्या म्हणाली. "मले माहीत हाये. मी एवढंच इचारून रायली, भाऊ, की तो मेला असता, त कंपनीवाल्यांनी हे चित्र ठेवलं असतं काय?"

शालिकरामानं पट्टी हळू गुंडाळायला घेतली. बाहेर ताशेवाले संध्याकाळच्या खेळासाठी ताशे शेकवत होते.

"ठेवलं असतं," तो म्हणाला. "उडी लय चांगली पडली हाये."

घरी आल्यावर तिनं शालूला पाळण्यात टाकलं. शेषराव जेवून ओसरीत पान लावत होते. आजवर ती सासऱ्यांसमोर उभं राहून कधी बोलली नव्हती. दाराच्या चौकटीला धरून बोलली.

"मामाजी, तुमी मुंबईले जा."

"कायले?"

"वर आला तो ते नवते."

शेषरावांचा हात चुन्याच्या डबीत तसाच राहिला. "साऱ्या अकोल्यानं डोळ्यानं पाह्यलं अन् तुलेच कसं नाई दिसलं?"

"उडी ते मारतेत. कानावर हात हाये. पन वर येते त्याचा हात कानावर जात नाई. तो केसं मागं घेते. तुमाले माहीत हाये, कानात पानी असलं का त्याइले दुसरं काई सुचत नाई."

"अवो, कंपनीवाल्याइनं सांगतलं असंन तसं. केसं मागं कर म्हनून. हिरोसारखं दिसाले नको काय?" त्यांचा आवाज चढला. "मोगऱ्याचा भर हाये, लग्नाच्या तिथी हायेत, अन् मी जाऊ मुंबईले? लोकं हसतीन. पोरगा सिनेमात जित्ता दिसून रायला अन् बाप त्याले धुंडाले निंगाला!"

"आखाजीले येतो म्हनलं व्हतं त्याइनं."

"काम असंन! मोठा झाला तो आता!"

कौशल्येनं सासूकडे पाहिलं. सत्यभामाबाई चुलीपाशी तवा उतरवत होत्या. त्यांना बोलायला लावावं म्हणून ती म्हणाली, "आत्याबाई, तुमी त पाह्यलं ना? वर आला तवा त्याइनं कान झटकला काय?"

सत्यभामाबाईंनी तवा खाली ठेवला. पदरानं हात पुसले. पुन्हा पुसले.

"मी नाई पाह्यलं," त्या म्हणाल्या.

"म्हंजे?" शेषराव म्हणाले.

"पूल आला का मी डोळे मिटते. शिट्ट्या ऐकू आल्या का उघडते. लहानपनापासून त्याची उडी मले पाहावत नाई. विहिरीवरही मी कधी गेली नाई. शिट्ट्या झाल्या. मी म्हनलं, आला वर."

पाळण्यात शालू स्वतःच्या पायाशी खेळत होती. शेषरावांनी पान तोंडात न घालता तबकात ठेवलं आणि फेटा उचलून बाहेर पडले. सासू-सुनेला वाटलं, रागानं गेले. सत्यभामाबाई सुनेला म्हणाल्या, "त्याइचं मन तोडलं तू." पण म्हणताना त्यांनी तिचा हात धरला होता आणि तो सोडत नव्हत्या.

ते संध्याकाळच्या खेळाला गेले होते. हे नंतर कळलं, मैनाबाईकडून. ती धावतपळत आली आणि दारातूनच बोलू लागली. "कौशल्या, तुह्या सासऱ्याले काय झालं वो? पुढं अगदी पडद्यापाशी जाऊन बसले. उडी आली तं उभे रायले. मागची पोट्टी वरडली, बुढ्या बस खाली, बस खाली! ते काई बसले नाई. अन् हिरो वर आला तं तसेच निंगून गेले. शेवटची मारामारी बी नाई पाह्यली. सारी मजा त त्याच्यातच हाये!"

थोड्या वेळानं शेषराव आले. फेटा हातात होता. ओसरीच्या पायरीवर बसले. सत्यभामाबाईंनी तांब्या पुढे केला, तो त्यांनी धरून ठेवला, पाणी प्यायले नाहीत.

"पडला तो आपला हाये," ते म्हणाले. "वर आला तो कोन्या मायचं लेकरू हाये कोन जाने."

सत्यभामाबाई भिंतीला टेकून खाली सरकल्या. कौशल्येला वाटलं होतं, कोणीतरी हे आपल्यासारखंच पाहिलं तर छातीवरचं ओझं थोडं हलेल. ते हललं नाही, जड झालं. आतापर्यंत ती एकटी म्हणत होती, तेव्हा तिचं चुकत असण्याची तरी आशा होती.

"मुंबईची गाडी सकाळी हाये," शेषराव सुनेकडे न बघता म्हणाले. "पोट्टीचे कपडे घे."

"मी बी?"

"मी येकटा जाऊन काय करू? उभ्या तंबूत 'माहा पोरगा' म्हनून वरडलो अन् तो दुसराच निंगाला. दवाखान्यात नेलं असंन त्याले, नाई त..." त्यांनी पुढचा शब्द गिळला. "कुठं बी नेलं असंन. वळखाले तू पायजे. तुले तो पडतानाही वळखू येते."

कौशल्या आत गेली. शालूची दोन झबली, लंगोट, टोपडं, बारशाला बापानं आणलेला खुळखुळा, असं एकेक चादरीत ठेवत गेली. तिचे हात स्वतःहून काम करत होते. दुधात कालवलेल्या पिठाचा वास घरभर पसरला. सत्यभामाबाई चुलीपुढे बसून दशम्या लाटत होत्या, भराभर. शेकून झालेली चवड वाढतच होती.

"आत्याबाई, एवढ्या कायले? दोघंच त हावो जानारे."

"जाताना दोघं," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "दशम्या आठ दिवस बी टिकतेत. येताना तो असंन. प्रवासात त्याले भूक लय लागते, तुले नाई माहीत काय?"

कौशल्येनं बांधलेली चादर सोडली. खुळखुळा कडेला सारला, झबल्यांची घडी लहान केली, आणि दशम्यांना जागा करून दिली.